गच्चीवरची ऋषीची भाजी

कौशल्याबाईंचं डोकं त्या दिवशी असं काही फिरलं होतं की सुनेनं, रागिणीनं, चहाचा कपसुद्धा लांबूनच सरकवला. फिरणार नाही तर काय? उद्या ऋषिपंचमी, उद्या त्यांचं उद्यापन, सात बायांना जेवणाचं सांगून झालेलं, आणि भरदुपारी शेजारच्या इंदूबाई गच्चीवर येऊन, कमरेवर हात ठेवून म्हणून गेल्या, "कौशल्या, ही भाजी चालत नाही व. ड्रमातली माती वावरातली आहे. वावरात बैल फिरला असन."

झालं! अमरावतीच्या त्या कॉलनीत इंदूबाई म्हणजे चालतंबोलतं पंचांग. कोणत्या उपासाला काय चालतं हे त्यांनी सांगायचं आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या. संध्याकाळ व्हायच्या आत बायांचे फोन सुरू झाले. एकीचा गुडघा धरला, एकीकडे अकोल्याहून पाहुणे आले, एकीला अचानक माहेरी जायचं निघालं. कौशल्याबाई काही दूधखुळ्या नव्हत्या.

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हा नियम. नांगर फिरलेल्या जमिनीतलं काही नको. परसात, कुंपणावर हातानं लावलेलं तेवढंच चालतं. लग्न झाल्यापासून कौशल्याबाईंनी एक पंचमी चुकवली नव्हती. आता पाळी थांबली, तेव्हा सात बायांना ऋषीची भाजी जेवू घालून व्रताची सांगता करायची. सातातली एक जरी जेवली नाही तरी उद्यापन अर्धवट राहतं आणि आजवरचे सगळे उपास वाया जातात, असं आईनं त्यांना शिकवलं होतं. त्यामुळे त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

बरं, भाजी बाजारातून आणावी, तर याच इंदूबाई दरवर्षी सगळ्यांदेखत विचारायच्या, "हे दोडके कोन्या बैलानं पिकवले व?" आणि बाया खी खी हसायच्या. म्हणून तर यंदा हा सगळा उपद्व्याप! शहरात परस कुठून आणायचं? गच्ची होती. प्लॅस्टिकचे निळे ड्रम अर्धे कापून घेतले, बुडाला भोकं पाडली, खाली विटा लावल्या. चांदूर बाजारकडे धाकटा भाऊ खुशाल शेती करतो, त्याच्याकडून काळी माती मागवली. ती नुसती भरली तर ड्रमात आवळून दगड होते, म्हणून तिच्यात रेती आणि गांडूळखत कालवलं. भेंडी, दोडका, चवळी लावली, आणि सगळ्यांत मोठ्या ड्रमात कोहळं, म्हणजे लाल भोपळा.

आता कोहळं म्हणजे काय साधं प्रकरण आहे? वेल जो सुटला तो अर्धी गच्ची व्यापून बसला आणि जावयासारखा सारखं मागतच राहिला. नळ एक दिवसाआड, तोही खालीच. वर पाणी चढतच नाही. पाऊस लागेपर्यंत बादल्या जिन्यानं वर न्यायच्या. मुलगा किशोर म्हणायचा, "आई, काहून हाडं झिजवतं? कोहळं बाजारात भेटते ना!" भेटते! सल्ला द्यायला सगळे, बादली धरायला कोणी नाही. फुलं आली ती गळायला लागली, कारण एवढ्या उंचावर मधमाशी फिरकेना. मग कौशल्याबाई रोज सकाळी उठून नराचं फूल तोडायच्या आणि स्वतःच्या हातानं मादीच्या फुलाला लावायच्या. तेव्हा कुठं एक कोहळं धरलं. भारानं देठ तुटू नये म्हणून त्याला जुन्या लुगड्याची झोळी बांधली. लेकरासारखं वाढवलं त्याला!

आणि एवढं करून म्हणे, बैल!

न राहवून त्यांनी खुशालला फोन लावला. "तू माती धाडली ते वावर कोनं नांगरलं रे?"

"टॅक्टरनं. काहून व ताई?"

"बैलानं नाही?"

खुशाल हसायलाच लागला. "बैलं कुठची आता? बाबा गेले तवाच इकले. माती आनली त्या तुकड्यात तर कधी बैल गेलाच नाही. जंगल होतं तिथं. जेसीबीनं तोडलं, टॅक्टरनं नांगरलं."

रागिणीनं धावत जाऊन ही बातमी इंदूबाईंच्या कानावर घातली. इंदूबाईंनी थोडा विचार केला आणि निकाल दिला, "टॅक्टर होय? मंग चालते. टॅक्टरचा दोष नाही." लगेच एकीचा गुडघा बरा झाला, अकोल्याचे पाहुणे परत गेले, माहेर रद्द झालं. सातही जणी येणार!

कौशल्याबाईंनी खुश व्हायला हवं होतं. पण त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. इतके महिने त्या राबल्या, आणि त्यांची भाजी शुद्ध ठरवली कोणी? एका ट्रॅक्टरनं!

दुसऱ्या दिवशी पाटावर सात बाया बसल्या, पहिल्या पाटावर इंदूबाई. भगर वाढली, ऋषीची भाजी वाढली. कोहळं, दोडका, भेंडी, चवळीच्या शेंगा, सगळं गच्चीवरचं. वास असा सुटला होता की बायांना दम निघेना. इंदूबाई भाजीकडे पाहून म्हणाल्या, "टॅक्टर निंगाला म्हनून वाचली व तू! नाही तं सारी मेहनत मातीत गेली असती."

"थांबा," कौशल्याबाई म्हणाल्या. बायांचे हात पानावरच थबकले.

"बैलाच्या कष्टाचं तुमाले पाप लागते. टॅक्टरचं लागत नाही. अन् माह्या कष्टाचं?"

"अवं, बाईच्या कष्टाले कोन मोजते?" इंदूबाई हसल्या. बाकीच्याही हसल्या.

"कोनी मोजत नाही, तेच सांगून राहिली मी!" कौशल्याबाईंचा आवाज चढला. "आताच पोळा झाला. तुमी घरी मातीचे बैल मांडले ना? त्याइच्या पुढं आधी पुरनपोळी ठेवली, मंग घरानं खाल्ली. आमच्या मायेरी बैलाच्या खांद्याले हळद-तूप लावत, बिचाऱ्यानं वर्षभर वझं वायलं म्हनून. माह्या खांद्याले कोनं हात लावला कधी? मी तं हाडामासाची आहो, इंदूबाई. मातीच्या बैलाएवढी तरी किंमत ठेवा!"

कौशल्याबाईंनी आठवा पाट ओढला आणि त्यावर बसल्या.

"रागिणी, मले वाढ. आधी मी जेवतो."

"अवं बह्याड झाली का?" इंदूबाई ओरडल्या. "उद्यापनवाली सगळ्याइच्या मांगून जेवते! व्रत मोडन तुयं!"

"मोडू द्या."

रागिणीनं एकदा इंदूबाईंकडे पाहिलं, एकदा सासूकडे, आणि सासूच्या पानात कोहळ्याच्या मोठ्या फोडी वाढल्या. कौशल्याबाई सावकाश जेवल्या. भाजी गोड झाली होती. भगर त्यांनी पुन्हा मागून घेतली, भाजीही घेतली. सातही बाया वाढलेल्या पानापुढे हात मांडीत घेऊन बसून राहिल्या, कारण भरल्या पानावरून उठताही येत नव्हतं.

पान पुसून झाल्यावर कौशल्याबाई पाणी प्यायल्या आणि पदरानं त्यांनी तोंड टिपलं.

"हं," त्या म्हणाल्या. "आता जेवा तुमी."