एका कानाचा

“एका कानाचा दाखव गा,” जितेंद्र दुकानदाराला म्हणाला. “हिले फक्त फोनवर बोलाचं असते.”

सीताबर्डीतल्या त्या चिंचोळ्या दुकानात काउंटरपाशी दोघं उभे होते. प्रेमिलाच्या हातात दोन्ही कानांचा हेडसेट होता, आणि तो तिने अजून खाली ठेवला नव्हता.

“कॉलिंगले एका कानाचा चालते वहिनी,” दुकानदार म्हणाला. “हलका असते, डोकं दुखत नाही. पण गाणे ऐकाचे असन तर दोन्हीचाच घ्या. एका कानात गाण्याची मजा नाही.”

“गाणे कोणाले ऐकाचे आहेत?” जितेंद्र हसला. “दुसरा कान मोकळा पाहिजे. आई आवाज देते, कुकर होते, दारावर कोणी ना कोणी येते.”

तो हे रागाने म्हणाला नाही. नळाला पाणी कधी येतं ते सांगावं, तसं म्हणाला.

प्रेमिलाचं काम घरूनच चालायचं. फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या तक्रारी ती फोनवर घ्यायची. आतापर्यंत मोबाइलच्या साध्या इअरफोनवर भागत होतं, पण तुमचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो, असं गिऱ्हाइकं म्हणायला लागली होती. शेवटी सुपरवायझर मयुरा मॅडमने बजावलं, चांगला हेडसेट घ्या, नाहीतर कॉल कमी देईन.

दुकानदाराने आपल्या मोबाइलवर एक जुनं गाणं लावून पिन जोडली. प्रेमिलाने हेडसेट कानांवर चढवला आणि बाहेरच्या फेरीवाल्यांचा ओरडा, ऑटोचे हॉर्न सगळं मागे सरलं. आपण खोलीत असावं आणि कोणीतरी हळूच दार लोटून घ्यावं, तसं. हे गाणं तिने लग्नाच्या मांडवात, शेजारच्या रेडिओवर कितीदा तरी ऐकलं होतं. पण कडवं सुरू करायच्या आधी गाणारी बाई श्वास घेते, हे तिला आज पहिल्यांदा कळलं.

जितेंद्र काहीतरी बोलत होता. त्याचे ओठ हलताना दिसत होते. तिने हेडसेट काढला.

“हाच द्या,” ती दुकानदाराला म्हणाली. घरात बोलायची ती बोली नव्हती, गिऱ्हाइकांशी बोलायची होती. “पिन साधी आहे ना? मोबाइललाही लागेल?”

“कशालेही लागते.”

तिने स्वतःच्या मोबाइलवरून पैसे दिले. मेट्रोत जितेंद्र तिच्याशेजारची जागा सोडून पलीकडे जाऊन बसला आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला.

कळमेश्वरचा कारखाना बंद पडला तेव्हा जितेंद्र तिथे फोरमन होता. हाताखाली माणसं होती, सायकलस्टँडवाला सलाम ठोकायचा. नंतर आलेल्या नोकऱ्या त्याला हलक्या वाटल्या. धंदा टाकायचं ठरलं, तेही ठरलेलंच राहिलं. दिवसभर तो दिवाणावर पडून मोबाइलमध्ये क्रिकेट बघायचा आणि घर प्रेमिलाच्या आवाजावर चालायचं. याबद्दल ती त्याला कधी एक शब्द बोलली नव्हती. सासूनेच, रंभाबाईंनी, तिला तसं सांगून ठेवलं होतं. “मनाले लावून घेते तो. तू समजून घे वं बाई.”

रंभाबाईंचं आणि तिचं बरं जमायचं. पहिल्या बाळंतपणात बाळ गेलं, तेव्हा सख्ख्या आईच्या आधी याच तिच्या उशाशी येऊन बसल्या होत्या. आता त्यांचे गुडघे गेले होते. न्हाणीघरापर्यंत जायलाही कोणाचा तरी हात लागायचा.

नवा हेडसेट आल्यावर काही दिवस फार चांगले गेले. गिऱ्हाइकांच्या तक्रारी थांबल्या. दोन कॉलच्या मध्ये जरा उसंत मिळाली की प्रेमिला गाणं लावायची. कधी अर्धंच व्हायचं, कधी नुसती सुरुवात. तेवढ्यावरही ती पुढच्या माणसाशी हसून बोलायची. मयुरा मॅडम म्हणालीसुद्धा, “काय ताई, सध्या आवाजात फरक आहे!”

त्या दुपारी मात्र गाणं चालू नव्हतं. काटोलच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचा कॉल होता. फ्रिज थंड होत नव्हता आणि मेकॅनिक येऊन नुसताच बघून गेला होता. ती त्यांना मॉडेल नंबर विचारत होती, तर ते मध्येच थांबले.

“बाई, तुमच्या घरी कोणी आवाज देऊन राह्यलं.”

“आमच्याकडे? नाही साहेब. आपण नंबर सांगता का?”

“नाही वं बाई, मले साफ ऐकू येऊन राह्यलं. म्हातारी बाई हाय. जितू, जितू करते. मघा कोणी ‘आलो’ म्हनलं बी, पन म्हातारी आवाज देतच होती. मंग काही पडल्यासारखं झालं. तुम्ही पाह्यजा आधी. माह्या फ्रिजचं राहू द्या.”

तिने हेडसेट ओढून काढला. कान उघडे पडल्याबरोबर कण्हणं ऐकू आलं.

रंभाबाई न्हाणीघराच्या उंबऱ्यावर आडव्या पडल्या होत्या, एक पाय अंगाखाली विचित्र दुमडलेला. लुगडं ओलं झालं होतं. प्रेमिलाने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि जितेंद्रला हाक मारली. पुढच्या खोलीतून जितेंद्र आला, हातात मोबाइल तसाच.

“काय झालं?” त्याने विचारलं. मॅच अजून चालू होती.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. वर्ध्याहून नणंद रीना आली आणि दवाखान्यातल्या कॉटपाशी पिशवी ठेवता ठेवताच म्हणाली, “वहिनी, दोन्ही कानात गाणे घालून बसली होतीस म्हणे.”

“गाणं नव्हतं ताई. कॉल चालू होता.”

“काही असो. म्हातारं माणूस घरात, अन् तू कान बंद करून बसते? दादा म्हणत होता ना तुले, एका कानाचा घे म्हणून.”

प्रेमिलाने जितेंद्रकडे पाहिलं. तो सलाइनच्या नळीकडे बघत होता.

“आईनं यांले आवाज दिला होता,” ती म्हणाली. “हे ‘आलो’ म्हणाले होते. आले नाहीत.”

“तुले कसं माहीत?” जितेंद्रने मान वळवली. “तुले तर ऐकूच येत नव्हतं.”

“गिऱ्हाइकानं सांगतलं. काटोलच्या. त्याले फोनवर ऐकू गेलं.”

मग जितेंद्र हसला, आणि त्याचं पाहून रीनाही हसली.

“म्हणजे आमच्या घरातलं काटोलच्या माणसाले ऐकू येते,” तो म्हणाला. “हिले नाही येत.”

“तो खोटं काहून बोलन? त्याले तुमचं नावही माहीत होतं.”

“आई,” रीना कॉटवर वाकली, “तूच सांग. कोणाले आवाज दिला होता तू?”

रंभाबाई जाग्याच होत्या. त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं, मग छताच्या पंख्याकडे.

“प्रेमिलालेच दिला,” त्या म्हणाल्या. “दोनतीनदा दिला.”

प्रेमिला पाणी आणायला म्हणून बाहेर गेली. व्हरांड्यातल्या नळाखाली तिने बाटली धरली. ती भरून पाणी मनगटावरून वाहू लागलं, तरी तिच्या लक्षात आलं नाही. मागच्या बाईने “झालं का हो?” म्हणून विचारलं, तेव्हा ती बाजूला झाली.

म्हातारीला घरी आणल्यावर दोन दिवसांनी जितेंद्र एकटाच सीताबर्डीला गेला. वापरलेला माल दुकानदाराने परत घेतला नाही. त्याने एका कानाचा नवा हेडसेट आणला आणि जुन्यासकट प्रेमिलाच्या टेबलावर ठेवला.

“अन् हा?” तिने जुन्याकडे बघून विचारलं.

“वाया काहून घालवाचा? मी वापरतो. आई दिवसभर कण्हते, मले कॉमेंट्री ऐकू येत नाही.”

त्याने तो टेबलावरून उचलला, आपल्या मोबाइलला लावला आणि दिवाणावर आडवा झाला. पट्टी तिच्या डोक्याच्या मापाची होती. ती त्याने दोन्ही बाजूंनी ओढून मोठी करून घेतली.

रंभाबाईंचं सगळं आता अंथरुणात होतं. एका सकाळी प्रेमिला त्यांची पाठ पुसत होती, तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करूनच म्हणाल्या, “रागावली काय वं?”

प्रेमिलाने फडकं पाण्यात बुडवून पिळलं.

“त्याचं नाव कसं घेऊ मी?” रंभाबाई म्हणाल्या. “नोकरी गेली तवापासून तो अर्धा झाला. त्यात बहिणीसमोर आईनंही बोललं, तर तो निघून जाईन कुठं. जीवाचं काही करून घेईन. तुले बोललं तर तू काय करशीन? तू कुठं जातेस?”

यात दुखवायचा हेतू नव्हता. किंबहुना विश्वासच होता, आणि तोच प्रेमिलाला सोसवला नाही. दवाखान्यातल्या त्या खोट्यापेक्षा हे जास्त लागलं.

“वळा इकडे,” ती म्हणाली. “कूस बदला.”

पावडर लावून झाली, चादर बदलून झाली. त्या दिवसापासून ती रंभाबाईंचं सगळं करायची, पण करताना बोलायची नाही. म्हातारी आधी काहीबाही विचारायची, मग तिनेही सोडून दिलं.

पुढच्या आठवड्यातली दुपार. प्रेमिला कॉलची वाट बघत होती. एका कानावर हेडसेट, दुसरा उघडा. आतून हाक आली.

“प्रेमिला. ए प्रेमिला वं.”

तिने ऐकलं. पहिल्याच हाकेला ऐकलं. उठायला म्हणून खुर्ची मागेही सारली. दारातून दिवाण दिसत होता. जितेंद्र दोन्ही कान झाकून पडला होता, मॅचच्या नादात पायाचा अंगठा हलत होता. आत आणखी एकदा हाक झाली.

प्रेमिला उठली, पण आतल्या खोलीकडे गेली नाही. दिवाणापाशी जाऊन तिने त्याच्या डोक्यावरून हेडसेट काढला आणि त्याच्या छातीवर ठेवला.

“आई आवाज देऊन राहिली.”

“मग तू जा ना.”

“माझी ड्यूटी चालू आहे,” ती म्हणाली, आणि परत येऊन खुर्चीवर बसली.

मग दिवाण करकरला, चपला ओढल्याचा आवाज झाला. तेवढ्यात कॉल आला. कोणीतरी बाई मशीनमधून पाणी गळतं म्हणून सांगत होती. प्रेमिलाने नाव विचारलं, पत्ता विचारला. उघड्या कानाला आतलं बोलणं ऐकू येत होतं.

“तू काहून आला बाबा?” रंभाबाई मुलाला म्हणत होत्या. “तुह्या हातचं काम नाही हे. तू जा, पाह्य तुही मॅच. तिले पाठव.”

“ती येत नाही म्हणते.”

“येईन. थांबते मी तिच्यासाठी, सांग तिले. येईन ती.”

“हॅलो? मॅडम?” फोनवरची बाई विचारत होती. “ऐकताय ना तुम्ही?”

प्रेमिलाने उघड्या कानावर तळहात दाबून धरला आणि गळणारं पाणी मशीनच्या पुढून येतं की मागून, ते विचारलं.