बरणीचा तळ

वर: साय

आधी वास. वाचनालयाच्या बाईंनी गठ्ठा टेबलावर ठेवला, ठेवला कसला, टाकला, आणि रुमाल नाकाला लावला. याच दुकानात बांधलेली पुस्तकं. पाठीत कसर, पुठ्ठ्याखाली झुरळांची अंडी, आणि पानापानाला आंबलेल्या उलटीचा दर्प. पुन्हा बांधून द्या, म्हणाल्या; आता परत आली तर सगळं काम दुसरीकडे.

त्या गेल्या आणि बाइंडरने पाढा सुरू केला. कागदवाला मुद्दाम ओलसर पुठ्ठा देतो. अख्खी इमारत सोडून ओल येते ती याच भिंतीला. समोरचा झेरॉक्सवाला बघतोच वाकडं. आयुष्य नुसतं हात धुऊन मागे लागलंय.

"चला, निदान कोणीतरी हात धुतंय," बायको म्हणाली.

शिलाई तिची, चिकटवायची खळ त्याची, अशी लग्नापासूनची वाटणी. त्या दिवशी तिने सुयांची डबी पिशवीत टाकली. गादी कारखान्यात शिवणाची जागा होती, बोलणंही झालं होतं. ती गेली की दुकान संपलं, हे दोघांना ठाऊक होतं. त्याला तर सुईचं नाकही दिसत नसे.

"देवाला तुमच्याशी वैर धरायला एवढा वेळ नाही हो," ती म्हणाली. "मला किळस आलीय. झुरळांची नाही, या रडगाण्याची."

मधे: केस, पाय, बुरशी

ती पिशवी घेऊन निघून गेली. एकटाच काम उरकून दाखवतो म्हणून त्याने खळीच्या बरणीत ब्रश घातला. ब्रशाबरोबर एक झुरळ वर आलं, मनगटावरून बाहीत शिरलं.

बरणी चिनी मातीची, वडिलांची. वडिलांचा नियम असा, की बरणी कधी रिकामी करायची नाही. उरलेल्या खळीवरच नवी शिजवून ओतायची, जुनी नवीला धरते. त्याने बापाचा शब्द मोडला नव्हता. आता मोडला. बरणी उपडी केली.

काही पडलं नाही.

पळीने खरवडलं तेव्हा सुटायला लागलं. करडं, लिबलिबीत, शेंबडासारखी तार धरणारं. त्यात ब्रशाचे केस, पंख, सुटे पाय. काळ्या बुरशीची लव. एक अळी, जिवंत, वळवळत. तो मोरीत ओकला. तोंड पुसलं, पुन्हा खरवडू लागला.

तळ

पळी टणकन वाजली. खाली निळा थर, दगडासारखा.

मोरचूद. वडील दर वेळी खळ शिजवताना चिमूटभर टाकत. कीड जवळ फिरकत नसे. त्याच्या हाताला भेगा होत्या, मोरचूद झोंबायचं. काय फरक पडतो, म्हणून त्याने ते सोडलं. बरणी रिकामी न करण्याचा नियम तेवढा पाळला, भक्तिभावाने.

निळं आणि करडं यांच्यामधली रेघ पट्टीने आखल्यासारखी. रेघेखाली एक पायसुद्धा नाही. वरचं सगळं त्याचं.

त्याने त्या घाणीत कागदवाल्याला शोधलं, झेरॉक्सवाल्याला शोधलं. कोणाचाही हात नव्हता. इतकी वर्षं कोणीतरी आपल्यावर डोळा ठेवून आहे असं वाटायचं. कोणी ढुंकूनही बघत नव्हतं. शिसारी आली ती याची. ती ओकून टाकता येईना.

बाहेर

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको शिवताना बोटात घालायचं, विसरलेलं अंगुस्तान न्यायला आली. बरणी पांढरीशुभ्र, उपडी. शेगडीवर खळ रटरटतेय, निळसर. तो पुस्तकांचे पुठ्ठे सोलून नखाने अंडी खरवडत होता. काय सापडलं ते त्याने सांगितलं, मीठमसाला न लावता. तिने बरणी उचलून हुंगली.

तेवढ्यात गॅस विझला.

"बघ, बरोबर आत्ताच—"

तो थांबला. ती अंगुस्तान हातात धरून उभी होती, दाराकडे अर्धी वळलेली.

"संपला," तो म्हणाला. "रोज जाळतो, संपणारच."

आणि सिलिंडर आणायला गेला. खांद्यावर घेऊन परतला तेव्हा ती खुर्चीवर बसलेली, दोरा ओवून झालेला, नाक मुरडलेलं.

"आधी आंघोळ करून या," ती म्हणाली. "मग मी पहिला टाका घालते."