सातधानी ढवळत नाहीत

माझी पिटुकली लेक दुपारी झोपली की मला पाऊण तास मिळतो. त्या दिवशी तेवढ्यात पाठ्यपुस्तकाचं प्रूफ वाचून मंडळाला फोनवर होकार कळवायचा होता. तिसरीच्या पुस्तकात माझी कविता! ‘सातधानी’. सात धान्यांचा हा दाट रस्सा साऱ्या देशात घरोघरी शिजतो, म्हणून निवडलेली.

न राहवून मी सासूबाईंना वाचून दाखवली. त्या शेंगा सोलत होत्या.

“पळी फिरे गरगर, सात दाणे एक झाले...”

त्यांचा हात थांबला. “पळी? सातधानीत?”

“का हो आई?”

“अगं, ढवळलं की लगदा होतो. पातेलं हलवायचं, दोन्ही कान धरून.”

मी हॉस्टेलवर वाढलेली. सातधानी मला कायम ताटातच भेटली. “पण मंडळाच्या समितीतल्या पाच जणांनी वाचलीय.”

“त्या पाचांत शेगडीपुढं कोण उभं राहिलंय?”

“आता बदल सांगितला तर कविताच काढतील.”

“मग राहू दे की. देशभरची पोरं लगदा खातील, आपलं काय जातंय!” आणि शेंगा जरा जोरात सोलल्या जाऊ लागल्या.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. शेगडीवर संध्याकाळची सातधानी रटरटत होती. फडक्यानं कान धरले, हिसका दिला. झाकणाखालून रस्सा हातावर उडाला.

“भांडतेयस का तिच्याशी?” त्या मागे येऊन उभ्या होत्या. “लेकीला झोपवतेस ना, तसं.”

तसं केलं. आत दाणे सरकल्याचा बारीक आवाज आला. झाकण काढून पाहिलं, तर वाल वाल होता, गहू गहू होता. हाताला फुंकर घालतच मी ओळ लिहिली आणि फोन लावला.

“बाई, छपाईला चाललंय सगळं,” मंडळातले साहेब वैतागले. “एका ओळीसाठी?”

“चुकीची छापण्यापेक्षा कविताच काढा,” मी म्हणाले.

साहेबांनी तिकडे कुणालातरी विचारलं, “अहो, सातधानी ढवळतात का?”

“ढवळतात? कोण येडं म्हणतं?” एक बाईमाणूस कडाडलं.

साहेब खाकरले. “सांगा ओळ.”

“पातेले झुले हळूहळू, सात दाणे सातच राहिले.”

फोन ठेवला तर सासूबाई पदरानं चष्मा पुसत समोर बसलेल्या.

“हं, आता दुसरं कडवं वाच. त्यात काय काय घोळ घातलेत बघू.”