ओट्यासमोरून पायी

भुजंगरावांनी ओला फडका पुन्हा रस्तेवाल्यांनी ओट्यावर मारलेल्या लाल खुणेवरून फिरवला. खूण होती तिथेच राहिली, ओट्याचा चुना तेवढा निघून आला.

"खूण पुसल्यानं रस्ता थांबत असतो का?" दारातून छबूबाई म्हणाल्या. "बाजा उचला वट्यावरच्या. माणसं येतील पाडायला."

"कोन पाडतंय बघू. आपलं येणं हाय सरकारकडं."

छबूबाई कपाळाला हात लावून आत गेल्या. नवऱ्याचं हे पालुपद ऐकून त्यांचे कान किटले होते.

दारासमोरचा बोरीचा रस्ता रुंद होणार होता आणि ओटा त्यात जाणार होता. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर मिळालेली सगळी रक्कम भुजंगरावांनी सरकारी रोख्यांत घातली होती. रोखे घेणं म्हणजे सरकारला उसने देणं, हे बँकेत कळलं त्या दिवसापासून त्यांची मान जी ताठ झाली ती झालीच. त्यात या ओट्याची एक रीत होती. वडिलांच्या काळी या घरातून ज्यानं ज्वारी उसनी नेली, तो ती फिटेपर्यंत ओट्यासमोरून गाडीवर बसून जात नसे. खाली उतरायचा, पायी जायचा. वस्तीवरचा लिंबाजी कोरी करकरीत सायकल हातात धरून चालत जायचा, ते भुजंगरावांनी पोरवयात कितीदा पाहिलं होतं. त्यात काही वावगं आहे असं त्यांना तेव्हा वाटलं नाही आणि नंतरही नाही.

आता उसने घेणारं सरकार होतं, आणि त्याची जीप मात्र दारासमोरून धुरळा उडवत खुशाल निघून जायची. ते त्यांना जिव्हारी लागलं होतं. ओट्यावर बसवेना, घरात करमेना, घास गोड लागेना. जीपचा आवाज आला की ते ताडकन उठत आणि ती गेली की उगाच येरझाऱ्या घालत.

आजही ती आलीच. भुजंगराव फडका टाकून सरळ रस्त्यात उभे राहिले. तरुण इंजिनिअरनं काच खाली केली.

"काका, नोटीस मिळाली ना?"

"खाली उतरा आधी."

"काय झालं?"

"तुमच्या सरकारनं माझ्याकडून उसने घेतलेत. उतरून बोला."

इंजिनिअर हसला. त्या हसण्यात टवाळी नव्हती, आणि तेच जास्त झोंबलं. काच वर गेली. जीप त्यांना वळसा घालून पुढे निघून गेली.

तासाभरात ते मोटारसायकलवरून बँकेत पोचले.

"मोडून टाका सगळं," ते निकिताला म्हणाले. रोख्यांचं काम तीच बघायची. "असल्या माणसाला न्हाई द्यायचं मला."

"काका, तुम्ही विकले तर दुसरं कुणीतरी घेईल. सरकारला त्याचा पत्ताही लागणार नाही."

भुजंगरावांनी खुर्ची पुढे ओढली. मग गावात कुणाला उसने देण्याआधी जे विचारतात, ते त्यांनी आता, उशिरा का होईना, विचारलं.

"माझ्यावानी आनखी कोनी दिलंय त्याला?"

"बँकांनी दिलंय, विम्याच्या पैशातून, पीएफातून आलंय. बाहेरच्या देशांचं थोडंच आहे. बहुतेक आपल्याच लोकांचं."

"घरातलंच म्हना की. मंजी बाहेरचा वसुलीला येऊन उंबऱ्यावर बसनार न्हाई." त्यांना जरा बरं वाटलं. "पन बँकेनं कुठून आनलं?"

निकितानं हनुवटीनंच पलीकडच्या खिडकीकडे खूण केली. लिंबाजीची सून सुकेशनी बचत गटाची रक्कम भरत होती. "असंच येतं. लोक ठेवतात, त्यातलं काही बँक सरकारला देते."

"आन् सरकार काय करतं त्याचं?"

"रस्ते, पगार, जुनं व्याज." ती पुन्हा संगणकाकडे वळली. "तुमची पेन्शन. कालच जमा झालीय बघा."

भुजंगरावांनी पुन्हा पलीकडच्या खिडकीकडे पाहिलं; तिथलंच फिरून आपल्या घरात येत होतं. सुकेशनीची नजर त्यांच्याकडे गेली.

"काका, एवढ्या उन्हात? आमी उद्या ऊसतोडीला जायलोत, म्हनून गटाचं भरून टाकलं."

पायांत चप्पल असूनही ते ती शोधल्यासारखे खाली बघत राहिले.

"विकायचेत ना काका?" निकितानं विचारलं.

"राहू दे."

परतताना गाव लागलं आणि पहिलंच घर सुकेशनीचं आलं. तिचा नवरा धम्मपाल ट्रॅक्टरला बोचकी बांधत होता. म्हातारा लिंबाजी दारात बाजेवर बसला होता. भुजंगरावांनी ब्रेक दाबला, गाडी बंद केली आणि खाली उतरले. हँडल धरून ते चालू लागले.

"काका, पेट्रोल संपलं का?" धम्मपालनं विचारलं.

"न्हाई."

"मंग?"

"काही न्हाई. वटा मोकळा करायचाय, जायलोय."

गाडी जड होती आणि रस्ता चढाचा. त्यांना धाप लागली. धम्मपाल दोर टाकून धक्का द्यायला निघाला, तेवढ्यात मागून लिंबाजीचा हात त्याच्या मनगटावर पडला. म्हातारा कधी उठून उभा राहिला होता ते पोराला कळलंच नव्हतं.

"राहू दे, धम्मपाल," लिंबाजी म्हणाला. "चालू दे त्यांना."