शिंदीच्या फड्यावरचा जॅझ

“ह्याच्यावर कुणाचा इश्वास बसायचा नाय,” कडुबा म्हणाले. ते असं म्हणाले की ऐकणाऱ्यानं मांडी घालून बसायचं असतं, हे छावणी मोहल्ल्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. करुणा मात्र उभीच राहिली.

तिला वेळ नव्हता. तिच्या बँडचा आज संध्याकाळी वेरूळ रोडवरच्या एका हॉटेलात सोल आणि जॅझचा कार्यक्रम होता, आणि ड्रम वाजवणारा सकाळीच मोटरसायकलवरून पडून मनगट मोडून बसला होता. गिटारवाल्या प्रणयचं म्हणणं, ठेका लॅपटॉपवर लावू, कुणाला कळतंय. करुणाला ते पटत नव्हतं, म्हणून ती त्याला ओढत कडुबांच्या ओट्यावर घेऊन आली होती.

कडुबांना ती ड्रममागची जागा पाहिजे होती. लई पाहिजे होती, पण तसं तोंडावर दिसू दिलं तर ते कडुबा कसले! इथल्या वरातीच्या बँडात साइड ड्रम बडवणारा हा गडी मुंबईच्या स्टुडिओत शिरला आणि सोल म्हणू नका, जॅझ म्हणू नका, साबणाच्या जाहिराती म्हणू नका, समोर येईल ते वाजवत राहिला. रेकॉर्डवर नाव गाणाऱ्याचं. भाड्यानं वाजवणाऱ्याचं कोण छापतो? मग ठेका देणारं यंत्र आलं आणि कडुबा घरी आले. आज तेच यंत्र प्रणयच्या पिशवीत बसून पुन्हा आडवं आलं होतं.

“तर अमेरिकेची एक बाई आलती गायला,” कडुबांनी सुरुवात केली. “आवाज असा, की स्टुडिओच्या काचंला घाम फुटायचा.”

“काचेला?” प्रणय म्हणाला.

“पुसायला माणूस ठेवला व्हता. बाई म्हणली, काठ्या नको, आज तारंच्या ब्रशनं वाजवा. अन् माझे ब्रश ऱ्हायले खोलीवर.” मग आत बायकोला हाक गेली, “ऐकलं का, फडा दे जरा.”

“ओटा झाडणार असाल तर देते,” आतून आशाबाई म्हणाल्या. पण त्यांनी झाडायचा शिंदीचा फडा बाहेर टाकला.

कडुबांनी त्याची गाठ सोडली, दोन जुड्या केल्या. तेलाचा रिकामा डबा पालथा घातला, वर कालचा पेपर अंथरला. “हे असं,” म्हणाले, आणि पेपरावर फडा फिरवायला लागले. सुर्र, सुर्र. खाली शहाबादी फरशीवर टाच पडत होती, धप्प.

करुणा कधी खाली बसली तिलाही कळलं नाही. तिनं गुणगुणायला सुरुवात केली आणि ओळीच्या शेवटचा शब्द मुद्दाम लांबवला. लॅपटॉप इथंच तिला सोडून पुढं निघून गेला असता. कडुबा मात्र हाताकडं बघतच नव्हते, त्यांची नजर तिच्या गळ्यावर होती. तिनं श्वास धरला तसा फडाही अधांतरी राहिला. शब्द टेकला आणि त्याच्या पाठोपाठ टाच पडली. तिनं आणखी एकदा फसवून पाहिलं. फडा फसला नाही.

प्रणयनं लॅपटॉपच्या पिशवीची चेन लावली.

कडुबा इथं गप्प बसले असते तर काम झालंच होतं. पण गप्प बसणं हे काही त्यांचं वाद्य नव्हतं.

“बाई अशी ऐन रंगात आली,” ते म्हणाले, “अन् अख्ख्या बिल्डिंगची लाईट गेली. मिट्ट काळोख. मला बाई दिसंना, बाईला माईक दिसंना. म्या थांबलो नाय. तिच्या श्वासावर वाजवत गेलो. गाणं संपलं अन् लाईट आली. तेच रेकॉर्डिंग छापलं त्यांनी. तिकडं आजबी इचारतेत, हा ब्रश कोण्या कंपनीचा?”

करुणा उठली, ओढणी झटकली. “अख्ख्या बिल्डिंगची गेली होती, काका?”

“व्हय. पंखेसुद्धा बंद.”

“मग रेकॉर्डिंगची मशीन कशावर चालली?”

आत भांडी घासायचा आवाज थांबला आणि आशाबाई खुदकन हसल्या. कडुबांची टाच मात्र ठेक्यात पडतच होती.

“धादांत खोटं आहे हे,” करुणा म्हणाली. “पाच वाजता गाडी येईल. फडा घेऊन तयार राहा.”