शुद्ध पाणी

झऱ्याच्या पाण्याच्या कॅनवर ‘शुद्ध’ अशी चिठ्ठी मीच चिकटवली होती. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत बारा वर्षं काढलेल्या बाईने हा शब्द लिहायला नको होता. अहवालात आम्ही ‘पिण्यास योग्य’ लिहायचो, त्यापुढे एक अक्षर नाही. पण शहर सोडून इथे येऊन आठवडाच झाला होता. नवरा पहिला कॅन खांद्यावरून घेऊन आला तेव्हा इतका खूश होता की त्याला क्लोराइड आणि लोहाचे आकडे वाचून दाखवणं माझ्या जिवावर आलं.

“बोला, दोन दशांश,” तो म्हणाला. प्रत्येक आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिते म्हणून प्रयोगशाळेत मला पडलेलं टोपणनाव त्याने घरी आणलं होतं. “आमचं पाणी पास की नापास?”

“पास.”

“मग लिही की तसं. ठसठशीत!”

मी लिहिलं. त्या दिवसापासून त्याने पिण्याचं पाणी उकळणं बंद केलं.

आमचं ठरलं होतं असं: एक वर्ष. मी बिनपगारी रजा घेतली होती. वर्षभरात घर छपरावरच्या पॅनेलवर आणि चार बॅटऱ्यांवर नीट चाललं, तर मी राजीनामा द्यायचा. नाही चाललं, तर दोघांनी परत जायचं. विजेची तार आमच्यापर्यंत येत नव्हती आणि ती यावी असं त्याला वाटतही नव्हतं.

त्याने कष्ट केले, हे मान्य करायला हवं. आयुष्यभर संगणकासमोर बसलेला माणूस कुदळ धरायला शिकला. पहिल्या महिन्यात कोरड्या संडासात भुसा कमी पडून वास सुटला तेव्हा मैल्याची बादली त्यानेच उचलली, नाक दाबून गाणं म्हणत. तळहातांना फोड आले की मला दाखवायचा, एखादं बक्षीस दाखवावं तसे. मला मात्र दर सोमवारी सकाळी प्रयोगशाळेतल्या काचेच्या भांड्यांचा आवाज आठवायचा. धुऊन पालथी घालताना होणारा.

आठव्या महिन्यात मी त्याला बॅटऱ्यांच्या खोलीत पाहिलं. झाकणं काढून तो नरसाळ्याने पाणी भरत होता. बाजारातून आणलेलं बॅटरीचं पाणी संपलं होतं, बाजार अकरा किलोमीटरवर, आणि पायाशी माझी चिठ्ठी लावलेला कॅन होता.

“उगाच प्लास्टिकच्या बाटल्या कशाला आणायच्या?” मला पाहून तो म्हणाला. “घरात शुद्ध पाणी आहे.”

झऱ्याच्या पाण्यात जे असतं त्याने माणसाचं काही बिघडत नाही, पण बॅटरीच्या पट्ट्या खराब होतात. हे सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. तेव्हा सांगितलं असतं तर बॅटऱ्या बहुतेक वाचल्याही असत्या. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, “चहा ठेवलाय.”

त्यानंतरही त्याने तीनदा तेच पाणी घातलं. तो बागेत असला की मी काचेच्या नळीने आम्लाची घनता मोजायचे आणि आकडे वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचे. आकडे माझ्या अपेक्षेप्रमाणे उतरत होते. आधी पहाटेपर्यंत चालणारा फ्रीज जेवणं व्हायच्या आत बंद पडू लागला.

“ढगाळ हवा आहे,” तो म्हणायचा.

मी “असेल” म्हणायचे.

रजेचे अकरा दिवस उरले असताना बागेचा पंपही बंद पडला आणि त्याने बॅटरीवाल्याला बोलावलं. म्हातारा, तोंडाचा फटकळ. त्याने एक झाकण काढलं, आत टॉर्च मारला आणि हातच टेकले.

“पाणी कुठलं पाजलंत यांना?”

“झऱ्याचं. एकदम शुद्ध. हिने स्वतः तपासलेलं.”

“अहो साहेब, बॅटरीला काय तहान लागते? चारही गेल्या. भंगारात टाका.” मग तो माझ्याकडे वळला. “तुम्ही तपासलंत? कुठे शिकलात?”

मी प्रयोगशाळेचं नाव सांगितलं.

“मग तुम्हाला ठाऊक असणारच की, मॅडम.”

त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. त्याला खरोखरच कोडं पडलं होतं. मला ‘लक्षातच आलं नाही’ म्हणता आलं असतं, आणि नवऱ्याने ते मानलंही असतं. तो माझ्याकडे बघत त्याच उत्तराची वाट पाहत होता.

“ठाऊक होतं,” मी म्हणाले.

बॅटरीवाल्याने घाईघाईने हत्यारं पिशवीत भरली. त्याची गाडी वळणाआड गेली.

“किती दिवसांपासून?” नवऱ्याने विचारलं. मग म्हणाला, “दोन दशांशांपर्यंत सांग.”

“चार महिने.”

“मी मूर्खासारखा ढगांकडे बघत होतो.”

“मला परत जायचं होतं रे.”

“मग तसं म्हणायचं! मी काय तुला बांधून ठेवलं होतं?”

खरं सांगायचं तर तो ‘जा’ म्हणाला असता, म्हणूनच मी विचारलं नव्हतं. मला एकटीने जायचं नव्हतं. त्याने हरावं आणि माझ्याबरोबर यावं, असं मला हवं होतं.

“तू जा,” तो म्हणाला. “मी राहतो. कंदील आहे.”

“आपलं ठरलं होतं, नाही चाललं तर दोघांनी...”

“चालत होतं,” तो म्हणाला. “तू चालू दिलं नाहीस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॅग भरली. वही घेतली, काचेची नळी घेतली. स्वयंपाकघरात आले तर तो चुलीपुढे बसला होता. चुलीवर मोठं पातेलं होतं आणि पाण्याला तळातून बुडबुडे येऊ लागले होते. शेजारी कॅन होता. चिठ्ठी ओरबाडून काढलेली, डिंकाचा पांढरा चौकोन तेवढा राहिला होता.

“ते उकळायची गरज नाही,” मी म्हणाले. “पिण्यास योग्य आहे. खरंच.”

“असेल,” तो म्हणाला आणि त्याने आणखी एक लाकूड आत सारलं.