पहिल्याच्या नावावर दुसरा

गोऱ्यांच्या राज्यात तुमचा पूर्वज इथेच जन्मला होता हे दाखवा, नाहीतर घर खाली करा, असा हुकूम निघाला तेव्हा फिटर हसला होता. पणजोबा इथलाच. त्यात दाखवायचं काय?

जन्माची नोंद सापडलीही. तेवढी पुरली असती. पण नळाचा जोड एक आटा जास्त पिळल्याशिवाय या माणसाचं समाधान होत नाही. त्यानं पणजोबाला पुरल्याची नोंदही मागितली. स्वतःच्या तोंडानं! कारकुनानं ती काढली, वाचली आणि दोन्ही कागद एकत्र टाचले.

"तुमचे पणजोबा दोन वर्षांचे असताना वारले," तो म्हणाला. "मग तुम्ही कुठून उगवलात?"

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

फिटर तडक घरी आला. आत्या मोजे रफू करत बसली होती.

"आत्या, तुझा आजा म्हणे लहानपणीच मेला!"

"तो त्याचा थोरला भाऊ. धाकटा झाला तेव्हा त्याला थोरल्याचंच नाव दिलं. पुन्हा नोंदवायला कोण जाणार? साहेब दिवसभर उन्हात उभं करायचा. आपल्यात सगळेच तसं करायचे."

"आणि हे आत्ता सांगतेस?"

"तू विचारलंस कधी? स्वतःच्या घरातला नळ गळतो तेसुद्धा चारदा सांगावं लागतं तुला."

"घर जातंय, आत्या."

तिची सुई थांबली. "मग धाकट्याला पुरल्याचं दाखव की. म्हातारा होऊन गेला तो, साथीच्या वर्षी. गोरे होते तेव्हा अजून."

दुसऱ्या दिवशी कारकुनानं साथीच्या वर्षाची वही उघडली. साहेबांच्या पानांवर नाव, हुद्दा, आजार, सगळं वळणदार अक्षरात. मजुरांची मात्र त्या वर्षी नावं लिहिणंच बंद. मजूर, पुरुष. मजूर, पुरुष. मजूर, स्त्री. मजूर, पुरुष. पानंच्या पानं. ज्यांच्या पाठीवर बसून राज्य केलं, त्यांचं नाव विचारायला हरामखोरांना सवड झाली नाही.

"यातले तुमचे कुठले?"

फिटरनं पानावर पंजा ठेवला.

"हात काढा. कागद जुना आहे."

त्यानं काढला नाही.

"कुठलाही द्या," तो म्हणाला. "साहेब, यातला कुठलाही एक द्या. मी त्याचा पणतू होईन."